कॉलेजातली परेड आणि आपल्या मुली

मुलगी एनसीसीत गेली की गटाच्या बैठकीत आम्हाला हमखास विचारतात, “त्या खाकी कपड्यांचं पुढं काय?” म्हणून थोडं मागचं सांगतो.

विद्यापीठात लष्करी शिक्षण आलं १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, इंग्रजांच्या गरजेपोटी. १९२०च्या कायद्यानंतर त्याला युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर म्हणू लागले. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, नावात ‘ऑफिसर्स’ शब्द घातला. स्वातंत्र्यानंतर, पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून, १९४८ साली त्याच्या जागी एनसीसी आली आणि १९४९ साली मुलींचा विभाग. पण डॉक्टर, नर्स सोडून सैन्यात अधिकारी व्हायची वाट मुलींना मिळाली थेट १९९२ साली. त्रेचाळीस वर्षं नुसतीच परेड, बरं का!

आता ‘सी’ प्रमाणपत्रवाल्या पदवीधर मुलींना सैन्यात खास प्रवेश आहे. गुणांची अट आहे, पण लेखी परीक्षा नाही. थेट निवड मंडळापुढं मुलाखत आणि चाचण्या. मात्र हे प्रमाणपत्र मिळायला कॉलेजातली तीन वर्षं लागतात. म्हणून लेक पहिल्या वर्षाला असेल, तर या आठवड्यातच कॉलेजात जाऊन एनसीसीच्या सरांना किंवा मॅडमना भेटा.