घरांतील उत्खनन

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ ही कादंबरी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. तिचा नायक खंडेराव हा पुराणवस्तुसंशोधक. मोहेंजोदडो येथील उत्खननांत गुंतला असतां वडील अत्यवस्थ असल्याचें वर्तमान त्यास कळतें, व तो खानदेशांतील मोरगांवीं परततो. सहस्रावधि वर्षांपूर्वींचीं घरें उकरणाऱ्यास स्वतःचें घर मात्र आतां नव्यानें वाचावें लागतें! शेतीभातींतील कष्ट, पूर्वजांच्या हकीगती, घरांतील स्त्रियांचीं मुकीं दुःखें, वारकरी व महानुभाव यांचे संस्कार — थरावर थर निघतात. ग्रंथ पाल्हाळिक आहे खरा. पण खेड्यांतलें घर तरी कुठें आटोपशीर असतें? लेखकानें या साऱ्यास ‘समृद्ध अडगळ’ म्हटलें आहे. ती टाकून संशोधनाकडे वळावें, कीं पित्यामागें कुळाचा भार उचलावा, या पेचांत खंडेराव सांपडतो.