दुखत नाही, म्हणूनच जपा



पायात काटा मोडला की आपण खाली बसतो, काटा काढतो. आपल्याला खाली बसवतं कोण? दुखणं बसवतं.

मधुमेह म्हणजे साखरेचा आजार. रक्तात साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली, की पाय बधिर होतात. मग काटा रुतला, चप्पल लागली, तरी कळत नाही. माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. जखम चिघळते. कधी पाय कापावा लागतो.

डॉक्टर पॉल ब्रँड १९४६ साली वेलोरला आले. तिथे ते कुष्ठरोग्यांवर उपचार करीत. त्या रोग्यांचे पायही बधिर असत. डॉक्टरांना दिसले, की मांस आपोआप सडत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा भार पडतो, म्हणून जखम होते. त्यांनी पायाला प्लास्टर घातले. भार सगळ्या पायावर वाटला गेला. जखमा भरून आल्या. पुढे हाच उपाय मधुमेहाच्या जखमांवरही होऊ लागला.

आज आणखीही उपाय आहेत. डॉक्टर मेलेले मांस काढतात. काही जखमांवर पट्टी चिकटवून लहान यंत्राने आतला पाझर ओढून घेतात. कोणाला कोणता उपाय, ते डॉक्टरच ठरवतील. पण जखमेवर भार पडत राहिला, तर ती भरणार कशी?

म्हणून रोज उजेडात बसून तळवे पाहा. बोटांच्या बेचक्या पाहा. नीट दिसत नसेल तर घरच्यांना दाखवा. अनवाणी चालू नका. शेक घेऊ नका. जखमेवर राख, चुना लावू नका. जखम दिसली, की दुखो वा न दुखो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.