जीप घाटात का थांबते?



या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांवरची व्याख्याने आपण दरसाल ऐकता. आज आम्ही बंद पडणाऱ्या एका मोटारीविषयी बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. परंतु कार्यकारणभाव म्हणजे काय, हे तर्कशास्त्राचे पुस्तक वाचून जे आम्हांस उमगले नव्हते, ते या मोटारीने भर रस्त्यात उभे करून शिकवले.

प्रथम गाडीची ओळख करून देतो. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी आणि चारही चाकांना जोर पोहोचवणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम कंपनीने बनवला. पुढे १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. तीच ही जीप. इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे, ताकद साठ अश्वशक्तीची, वीज सहा व्होल्टची. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली. गादी उचलली की टाकीचे झाकण दिसते. तीत सुमारे ५७ लिटर पेट्रोल मावते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या गाड्या धावल्या आणि युद्ध संपल्यावर भारतात उरलेल्या पुष्कळ गाड्या विकल्या गेल्या. आमच्याकडची १९४४ सालची जीप त्यांतलीच.

तिचे दुखणे असे. सकाळी ती झटकन सुरू होई. पुण्याहून साताऱ्याकडे निघालो की शिरवळपर्यंत काही तक्रार नसे. तेथे आम्ही टाकी काठोकाठ भरत असू. पुढे खंबाटकीचा चढ लागला की इंजिन खोकू लागे, आचके देई आणि बंद पडे. पंधरा मिनिटे थांबलो की पुन्हा सुरू! आम्ही निदान ठरवून टाकले: इंजिन तापते म्हणून बंद पडते, निवते म्हणून सुरू होते.

हे निदान अगदीच वेडेपणाचे नव्हते. नळीतले पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेने उकळले, तर पंप द्रवाऐवजी वाफच ओढत बसतो. इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सर जुना झाला, तर तापल्यावर ठिणगी हरवते. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; पंपातला जुन्या रबराचा पडदा त्याने बिघडू शकतो. तेव्हा मिस्त्रींना सांगून आम्ही कॉइल, कंडेन्सर आणि पंपाचा पडदा बदलून घेतला, कार्बोरेटर धुऊन घेतला. सारे एकाच दिवशी. नळीला ओले फडके गुंडाळले. गाडी पुन्हा त्याच चढावर थांबली. आम्ही गॅरेजात गेलो आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत त्या मिस्त्रींना वाटेल ते बोललो. त्यांनी उलट उत्तर दिले नाही.

पुढच्या मे महिन्यात मातोश्रींना घेऊन निघालो असता गाडी ऐन वळणावर बंद पडली आणि मागे सरकू लागली. ब्रेक लागला, पण मागे भरलेला ट्रक होता. त्या ट्रकवाल्याने उडी मारून आमच्या चाकामागे दगड लावला. मातोश्री काही बोलल्या नाहीत. परत आल्यावर मात्र म्हणाल्या, “ही गाडी मोडीत काढ, नाहीतर नीट विचार तरी कर.”

खाली मान घालून आम्ही त्याच मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हत्याराला हात लावला नाही. नुसते प्रश्न विचारले. “साहेब, गाडी एकदम गप्प होते, की खोकत खोकत?” खोकत. “मग आधी पेट्रोलकडे बघू. ठिणगी गेली की इंजिन बहुधा बत्ती गेल्यासारखे एकदम गप्प होते.” दुसरा प्रश्न: “अर्ध्या टाकीवर घाट चढलात कधी?” आम्ही आठवून पाहिले. दोनदा चढलो होतो आणि दोन्ही वेळा गाडी थांबली नव्हती. तिसरा प्रश्न: “हे दुखणे सुरू होण्याआधी तुम्ही शेवटचे काय बदललेत?”

येथे आम्ही अडखळलो. आसनाखाली पेट्रोलचा वास येतो म्हणून जुन्या बाजारातून एक घट्ट झाकण आणून आम्ही स्वतःच बसवले होते, आणि ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

आपल्या घरी तेलाचा डबा फोडताना जाणती माणसे त्याला दोन भोके पाडतात. एकच पाडले तर तेल गडगडत, अडत येते. कारण तेल बाहेर यायचे तर त्याच्या जागी हवा आत जावी लागते. पेट्रोलच्या टाकीचेही तसेच आहे. पंप पेट्रोल ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः टाकीतली हवा ते ढकलत असते. टाकीच्या झाकणाला म्हणूनच श्वासाची वाट ठेवलेली असते. आमच्या नव्या झाकणाला ती नव्हती. टाकी अर्धी असताना आत हवा पुष्कळ, म्हणून लिटर-दोन लिटर पेट्रोल गेल्याने दाब फारसा उतरत नसे. टाकी काठोकाठ भरली की वर हवा अगदी थोडी. तेवढेच पेट्रोल गेले की दाब झपाट्याने उतरे आणि पंपाचे बळ अपुरे पडे. कमी दाबात पेट्रोल लवकर उकळते, म्हणून उन्हाळ्यात त्रास अधिक. आम्ही थांबलो की फटीतून हळूहळू हवा शिरे आणि गाडी सुरू होई. त्या पंधरा मिनिटांत इंजिन निवतही असे. दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या आणि आम्ही त्यांतली चुकीची धरून बसलो होतो.

मिस्त्रींनी परीक्षा लावली. पहाटे, थंडाव्यात, मोकळ्या सपाट रस्त्यावर टाकी भरून निघालो. गाडी खोकून थांबली. न थांबता, गरम इंजिनावरच, गादी उचलून झाकण सैल केले. ‘फुस्स’ असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि पुढच्याच मिनिटाला इंजिन सुरू झाले. झाकण पुन्हा घट्ट केले. काही अंतरावर गाडी पुन्हा थांबली. मग श्वासाची वाट असलेले योग्य झाकण बसवले आणि दुपारच्या उन्हात भरल्या टाकीने खंबाटकी चढलो. गाडी थांबली नाही.

या परीक्षेची मांडणी ध्यानात घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलली. दोष घालवून दाखवला, मुद्दाम परत आणून दाखवला, आणि पुन्हा घालवला. आम्ही आधी तीन सुटे भाग एकदम बदलले होते. त्यांतून योगायोगाने गुण आला असता, तरी दोष कोठे होता हे आम्हांस कळले नसतेच.

आपल्यापैकी कोणाकडे जुनी गाडी असेल तर एवढेच करावे. ती थांबेल तेव्हा, शक्य असल्यास, उतारावर किंवा वळणावर न ठेवता बाजूला घ्यावी. पेट्रोलजवळ विडीकाडी, दिवा आणू नये. झाकण उघडून कान द्यावा. मग ठिणगी पाहावी, मग पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येते का ते पाहावे. आणि आपण शेवटचे काय बदलले, हे सांगायला लाजू नये.

त्या मिस्त्रींची आम्ही क्षमा मागितली. बोललो होतो चारचौघांत, म्हणून क्षमाही गॅरेजात गिऱ्हाइके असतानाच मागितली. ते हसले आणि म्हणाले, “साहेब, झाकणाचे पैसे तेवढे द्यायचे राहिलेत.”