आपल्या नंदीला दारं लागतात

पोळा हा बैलांचा सण खरा. पण नागपुरात त्याची जास्त वाट पाहतात ती लहान मुलं. पिठोरी अमावास्येला पोळा झाला की दुसऱ्या दिवशी त्यांचा तान्हा पोळा. चाकांवरचे लाकडी नंदी बेगड लावून, घुंगरं बांधून सजवायचे, तोरणाखाली उभे करायचे आणि मग दोरी धरून घरोघर हिंडायचं. घरची बाई नंदीला ओवाळते, मुलांच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे खाऊ नाहीतर पैसे. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असं सांगतात. त्याच दिवशी इतवारी भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात; ती गर्दी वेगळीच.

आमच्या महालातल्या घरचा नंदी आजोबांनी सागाच्या लाकडाचा करून घेतलेला. तेव्हा उमरेडकडे शेती होती, गोठ्यात खरे बैल होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे आणि उद्या जेवायला या, असं आवतन द्यायचं. वडिलांच्या काळात शेती आधी बटाईनं गेली, मग विकली. आता आमच्या दारचा बैल म्हणाल तर हा लाकडाचाच. त्याचं एक शिंग दोनदा बदललंय. चाकांची तर मोजदादच नाही.

मुलगा पुण्यात असतो. पश्चिम महाराष्ट्रात बेंदूर आषाढात. तान्हा पोळा तिथे समजावून सांगावा लागतो. सुट्टीही नसते. मुलगा म्हणाला, "बाबा, आपण रविवारी करू." मला हे रुचेना. कोलकात्यात मूठभर आर्मेनियन उरलेत, पण सारं शहर २५ डिसेंबरला नाताळ करत असताना त्यांचा नाताळ अजून ६ जानेवारीलाच असतो. हा दाखला मी ऐकवला. त्यावर सूनबाई म्हणाली, "त्यांच्याकडे चर्च आहे, बाबा. आपल्या नंदीला दारं लागतात."

बिनतोड मुद्दा! गणपती एका घरात बसवता येतो. तान्हा पोळा एका घराचा होतच नाही. ओवाळणारे दहा उंबरठे हवेत.

तोडगाही तिनंच काढला. सोसायटीत अकोल्याची, वर्ध्याची, चंद्रपूरची घरं हुडकली आणि तिथी न बदलता वेळ ठरवली संध्याकाळी साडेसातची, सगळे ऑफिसातून आल्यावर. गेल्या वर्षी नंदी गोणपाटात गुंडाळून मी रेल्वेनं नेला. माझ्या लहानपणी आमच्याकडे मुलींच्या हाती दोरी देत नसत. बहीण मागून नुसती चालायची. इथे सहा वर्षांच्या नातीनं दोरी धरली ती सोडलीच नाही. नंदी लिफ्टमधून वर गेला, फरशीवर चाकं खडखडली. सातारच्या एका आजींनी सगळं विचारून घेतलं आणि बोजारा म्हणून नारळ दिला. बहिणीला फोनवर हे सांगितलं. ती सत्तरीची. जरा थांबून म्हणाली, "पुढच्या वर्षी मलाही बोलवा. दोरीला हात लावीन म्हणते."

आता पेच निराळाच आहे. नागपुरातल्या पुतण्याच्या मुलांनाही हाच नंदी हवा, आणि तिथी तर दोघांची एकच. पुण्यासाठी नवा करावा म्हणून सुतार माप घेऊन गेलाय. नातीला मात्र दोनदा बदललेल्या शिंगाचाच हवा आहे.