मातीतल्या कामाचे माप



माझे आयुष्य कापडधंद्यातील कामगारांच्या संघटनेत गेले. मातीवर बोलण्याचा याला अधिकार काय, असे आपणांस वाटेल. पण मातीतले काम मोजण्याची एक पद्धत कापडातूनच निघाली आहे, म्हणून हे धाडस.

पाला जमिनीवर पडतो, कुजतो, आणि त्यातले अन्न पुन्हा मुळांना मिळते. हे काम बुरशी, जिवाणू, गांडुळे करतात. ते किती झाले, हे ठरवायचे कसे? मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूट या संस्थेचे मातीत पुरून तपासण्याचे एक ठरावीक सुती कापड होते. लॅटर व हॉवसन या संशोधकांनी १९७७ साली ते या कामी लावण्याविषयी लिहिले. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि पाल्यातही त्याचा वाटा मोठा. कापडाची पट्टी जमिनीत उभी पुरायची, काही आठवड्यांनी काढून धुवायची, वाळवायची आणि यंत्रावर ताणून ती किती जोराला तुटते ते पाहायचे.

नुसते वजन का करू नये? कारण सूक्ष्मजीव सेल्युलोजची लांब साखळी मधेच तोडतात. वजन फारसे घटत नाही, पण कापडाचा जोर जातो. शिवाय एक पट्टी पुरून लगेच काढतात. तिच्याशी तुलना केली म्हणजे फावड्याने आणि धुण्याने झालेले नुकसान बाजूला निघते. एकाचा तोटा दुसऱ्याच्या खाती मांडू नये, हे आम्ही कामगारही सांगत आलो.

२०१३ साली चहाच्या पिशव्यांची पद्धत आली. एक पिशवी हिरव्या चहाची, एक रुईबॉस या झुडपाच्या चहाची. दोन्ही ८ सेंटीमीटर खोल पुरायच्या, सुमारे ९० दिवसांनी वाळवून तोलायच्या. स्वस्त आणि सोपी! पण पिशवीच्या बारीक जाळीतून गांडूळ आत जात नाही. त्याचे आत शिरून खाणे या मापात येतच नाही. कापसातही लिग्निन नाही, म्हणून पट्टीचा आकडा उसाच्या पाचटाला तसाच लावता येत नाही. ऊन आणि ओल बदलली की आकडाही बदलतो. आणि झटपट कुजणे म्हणजे उत्तम जमीन असेही नव्हे. सगळेच लवकर संपले, तर जमिनीत मागे काय उरणार?

तेव्हा उद्या कोणी आपल्या शेताची किंमत एका आकड्यात सांगू लागला, तर तीन गोष्टी विचारा: काय पुरले होते, किती दिवस, आणि मोजणीतून कोणाला वगळले? कामाचे माप ज्याच्या हाती, त्याला हे विचारलेच पाहिजे.