मुलांच्या भयाची विचारपूस



ज्या नेवाशात शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, त्याच तालुक्यात मुलांच्या मनाविषयी बोलताना सहाव्या अध्यायाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कारण मनाचा निग्रह वाऱ्याच्या निग्रहाइतका दुष्कर आहे, अशी अर्जुनाची तक्रार तेथे आहे, आणि श्रीकृष्ण ती नामंजूर न करता मन चंचल आहे हे आधी मान्य करतात व मगच अभ्यासाचा आणि वैराग्याचा मार्ग दाखवितात. आपण मात्र मुलाचे पुरते ऐकून घेण्यापूर्वीच ‘त्यात घाबरायचं काय?’ असा हुकूम सोडून मोकळे होतो.

परीक्षेच्या सकाळी ज्याच्या पोटात गोळा येतो, तळहात घामेजतात आणि छातीत धडधडते, तो मुलगा बहाणा करीत नसतो. संकट समोर आहे असे समजून त्याच्या शरीराने पळण्याची वा झुंजण्याची सिद्धता केलेली असते. ‘हे भय आहे, ते आता छातीत जाणवते आहे,’ एवढे ज्याला स्वतःशी म्हणता येते, तो त्या भयापासून किंचित अलग होतो; आणि उच्छ्वास सावकाश, दीर्घ सोडला की हृदयाची गतीही मंदावू लागते. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात शिकविल्या जाणाऱ्या आनापानात तर श्वासाला वळणही लावायचे नसते; नाकपुड्यांशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास केवळ जाणायचा असतो. महाराष्ट्र शासनाने ‘मित्र उपक्रमा’द्वारे हीच साधना शाळांत नेली, हे मला मोठे लोकोपयोगी कार्य वाटते.

परंतु एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पाथर्डी-शेवगावकडील ज्या मुलीचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि जी आजीजवळ राहून त्यांच्या परतीची वाट पाहते, तिची चिंता हा मनाचा भ्रम नव्हे; तिला डोळे मिटायला सांगून आपले कर्तव्य संपत नाही. तिला रोज कोणीतरी ‘जेवलीस का, आईचा फोन आला का?’ असे विचारणारे हवे. आणि ज्याची झोप, भूक, शाळा आठवडेच्या आठवडे सुटते, त्याला डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक प्रत्येक फलकावर लिहावा.

शाळेच्या व्यवस्थापनाला माझी आग्रहाची विनंती आहे, की परिपाठानंतरची दहा मिनिटे श्वास जाणत शांत बसण्यासाठी मुक्रर करावीत. त्याला गुण नसावेत, स्पर्धा नसावी, ज्याला डोळे मिटवत नाहीत त्याच्यावर सक्ती नसावी. मात्र गुरुजींनी हजेरीपट बाजूला ठेवून मुलांबरोबर स्वतः बसावे. यासाठी निधीची तरतूद लागत नाही, कोणत्याही कचेरीच्या मंजुरीसाठी खोळंबावे लागत नाही. तेव्हा येत्या सोमवारीच आरंभ करावा.