गाणं वहीबाहेर काढताना
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



'निर्मितीप्रक्रिया' या विषयावर बोला, असं मला सांगितलंय. हा शब्द संमेलनवाल्यांचा. तिथं कवी खिडकीपाशी बसतो आणि त्याला कविता होते, सर्दी झाल्यासारखी. मला तशी कधी झाली नाही. मी आयुष्यभर छापखान्यात राबलो. गाणं सुचायचं ते लोकलमध्ये, उभ्यानं. आणि आधी शब्द नाही, चाल. दारात उभं राहून बोटं पत्र्यावर चालायची, कहरवा लागायचा, मग त्या आठ मात्रांत एखादी ओळ येऊन बसायची. कुर्ल्याहून डोंबिवलीपर्यंत मुखडा झाला तर झाला. अंतरे रात्री, पोरं झोपल्यावर.

चाल पुष्कळदा सिनेमाची. यावर नाकं मुरडणारे विद्वान आहेत, मुरडू द्या. वामनदादा कर्डकांचं पहिलं गाणं १९४३ सालचं, तेही हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर. मोठेपणी मुंबईत अक्षरं गिरवलेला हा माणूस! ओळखीची चाल असली की दुसऱ्या कडव्याला अख्खी गल्ली झील धरते. शिकवायला लागत नाही. ज्यांना शाळेतच बसू दिलं नाही, त्यांच्यापर्यंत विचार पोचवायला याहून जवळचा रस्ता दाखवा, मी सिनेमाची चाल सोडतो.

पण लिहिलेलं गाणं द्यायचं कुणाला, कसं?

मी बराच काळ वही ट्रंकेत ठेवली. त्याला कारण होतं. १९८८ साली माझं एक गाणं एका कंपनीच्या कॅसेटवर आलं. वर गायकाचं नाव, खाली संगीतकाराचं, आणि 'गीत : पारंपरिक'. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा. एवढ्या वयात परंपरा झालो! १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो, लिहिणाऱ्याचा हक्क हयातभर आणि मेल्यावर साठ वर्षं. म्हणजे २००४ मध्ये गेलेल्या वामनदादांच्या शब्दांवर तो २०६४ अखेरपर्यंत. कायद्यात सगळं आहे. आमच्या शाहिराच्या हातात मात्र बिदागीचं पाकीट, तेही कधी मिळालं तर.

ट्रंक उघडली ती आमच्या कलापथकातल्या आक्कानं. विहारात तालीम चालू होती. पाण्याच्या मोर्च्यासाठी मी लिहिलं होतं, 'तृषार्त वस्ती, तृषार्त जनता'. आक्का म्हणाली, "काय रं भाऊ, तहान म्हनाया लाज वाटती व्हय? आन् हंडा कुठंय ह्यात?" आणि खंजिरी उचलून तिनं म्हटलं, 'हंडा उपडा, कळशी सुकली'. मात्रा तेवढ्याच, आठ अधिक आठ. पण मोर्च्यात बाया हंडे बडवत निघाल्या, ते तिच्या ओळीवर. माझ्या ओळीवर काय बडवलं असतं? शब्दकोश?

तेव्हापासून मी गाणं अर्धं असतानाच तालमीत टाकतो. ढोलकीवाला लय वाढवतो, म्हाताऱ्या कठीण शब्द गिळून टाकतात. गिळलेला शब्द मी परत घालत नाही.

आता कुणी म्हणेल, मग कंपनीवर राग कशाला, सगळं समाजाचंच ना? नाही. आक्का गाणं बदलते आणि मोर्च्यात चालते. कंपनी नाव खोडते आणि गल्ला मोजते. या दोघांना एकाच तागडीत तोलणारा मला समतावादी वाटत नाही, दलाल वाटतो.

म्हणून नाममुद्रा सोडू नका. शेवटच्या कडव्यात नाव गुंफायची रीत संतांपासून वामनदादांपर्यंत चालत आलीय. पण नुसतं घालून भागत नाही. 'वामन' चार मात्रांचं. चार मात्रांची नावं बाजारात ढिगानं. ओळीच्या मधे घातलंत तर दुसरा कुणी आपलं नाव तिथं सहज बसवील. नाव यमकावर ठेवा. काढलं की कडवं लंगडलं पाहिजे. कॅसेट गेली, मोबाईल आला. रात्री सोडलेलं गाणं सकाळी नांदेडला वाजतं. सोबत चिठ्ठी जात नाही, कडवंच जातं.

बरं, बोलणं पुष्कळ झालं. मागच्या बाकावर नव्या गाण्याचे कागद ठेवलेत. घरकामवाल्या बायांवर आहे. तिसरा अंतरा मला सुटत नाही, पहिली ओळ लिहून जागा मोकळी सोडलीय. पेटीवाले, काळी दोन धरा. पोरींनो, तुम्ही पुढं या, तुमच्या आयांचं गाणं आहे.